उंदीर, विष आणि घरातले मूल

"डॉक्टरबाई, बाळानं उंदराचं औषध खाल्लंय!"

बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गेल्या तीस वर्षांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मराठी घरात 'औषध', गुजराती घरात 'दवा'. शब्द निराळा, भाव एकच. ज्या पदार्थाने प्राण जातो त्याला आपण औषध म्हणतो आणि घरातले तीन वर्षांचे मूल हा शब्द ऐकत मोठे होते. त्याच्या लेखी औषध म्हणजे आई चमच्याने भरवते ती गोड वस्तू.

स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब यांवर व्यासंगी लेख येतात. त्यांच्या पंक्तीत उंदरावर लेख म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढल्यासारखे कोणास वाटेल. परंतु वडोदऱ्याच्या जुन्या भागात, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या वस्त्यांत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न ठाऊक आहे आणि नव्या सोसायट्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. या लेखात मला एकच मुद्दा मांडावयाचा आहे. उंदीर विषाने हटत नाहीत, अन्न आणि आसरा तोडल्याने हटतात. आणि घरात ठेवलेल्या विषाची किंमत पुष्कळदा उंदराऐवजी मूल मोजते.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने स्वयंपाकघरातील ओट्याखाली उंदरासाठी ठेवलेला पोळीचा तुकडा तोंडात घातला. आजींनी ते पाहिले, त्याचे तोंड धुतले, पेलाभर दूध पाजले आणि रात्री दोन उलट्या झाल्यावर त्याला माझ्याकडे आणले. मी विचारले, "कोणते औषध होते?" उत्तर मिळाले, "बाजारातलं नेहमीचं." बाजारात सर्रास मिळणारी रक्त पातळ करणारी वडी असावी, असे मी गृहीत धरले. वेष्टन आणावयास सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा खाटेवर उड्या मारीत होता. वडील म्हणाले, "डॉक्टरबाई, खेळायला लागलाय. घरी नेऊ का?" मी होकार दिला. दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीस घेऊन या, एवढे मात्र सांगितले.

ते चौथ्या दिवशी पहाटे आले. मुलाचे डोळे पिवळे झाले होते, हिरड्यांतून रक्त येत होते आणि हाक मारल्यावर तो नीट डोळे उघडत नव्हता. वडिलांनी शर्टाच्या खिशातून एक दाबलेली ट्यूब काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट होती. मोठ्या रुग्णालयात हलवूनही मुलगा वाचला नाही. नंतर आजी मला भेटल्या तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दूध पाजलं ते चुकलं का हो?"

त्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढे दिले आहे. चूक आजींची नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि ज्यांनी सांगावयाचे, त्यांत मी होते. हा लेख त्या ऋणातून लिहिला आहे.

शेजाऱ्यांची ओळख

आपण सरसकट ज्याला उंदीर म्हणतो त्यात निरनिराळे प्राणी येतात. माळ्यावर, कौलांत आणि तारांवरून धावणारा लांब शेपटीचा काळसर उंदीर हा चढण्यात पटाईत. ओट्याखाली, गटाराच्या कडेला आणि पायाच्या दगडांत बीळ करणारी घूस जाड व बळकट. कपाटात, पुस्तकांत आणि पीठ-धान्याच्या डब्यांमागे राहतो तो लहानसा घरउंदीर. लांबट नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री मात्र मुळात उंदीर नव्हे. ती कृंतक वर्गात मोडत नाही आणि मुख्यतः किडे खाते.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात; म्हणून तो लाकूड, प्लॅस्टिक, विजेच्या तारा कुरतडतो. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा ते आठ पिल्ले आणि दोन-तीन महिन्यांत ती पिल्ले स्वतः वितीस योग्य. या गणितात उंदीर मारण्याचा वेग जन्माच्या वेगाला क्वचितच गाठतो.

आणखी एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उंदीर संशयी असतो. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की तो काही दिवस तिच्याजवळ जात नाही आणि नवे खाद्य आधी किंचित चाखून पाहतो. झिंक फॉस्फाईडसारखे झटपट परिणाम करणारे विष थोडे खाऊन जो उंदीर वाचतो, तो त्या खाद्याला पुन्हा तोंड लावीत नाही. तीन वर्षांच्या मुलापाशी असा संशय नसतो. ते नवी वस्तू दिसताच प्रथम तोंडात घालते.

उंदरापासून होणारे रोग

प्लेगचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगने महाराष्ट्राचे सामाजिक जीवन ढवळून काढले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. उंदरावरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले.

आपल्या पिढीची आठवण १९९४ ची आहे. सप्टेंबर महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली तेव्हा मी नवखी निवासी डॉक्टर होते. सुरत येथून सुमारे १३० किलोमीटर. तेथून येणाऱ्या गाड्या भरभरून येत होत्या, लोकांनी तोंडाला रुमाल बांधले होते आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसे झाले होते. त्या साथीत देशात पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुरतेत जे घडले ते अधिक शिकण्यासारखे आहे. १९९५ साली आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा रोजच्या रोज उचलण्याची शिस्त बसविली, रस्ते आणि गटारे साफ ठेवली, अधिकाऱ्यांना रोज वस्तीत उतरविले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरसह सुरत पहिल्या क्रमांकावर आली. ही वाट कचरा उचलण्यापासून सुरू झाली होती, हे विसरू नये.

आज प्लेगपेक्षा लेप्टोस्पायरोसिस आपल्या अधिक जवळचा आहे. दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाड या जिल्ह्यांत तो पावसाळ्यात दिसतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली. उंदराच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील लहानशा खरचटीतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या घरांत शिरले तेव्हा मगरींची चर्चा घरोघरी झाली. बिळांतून बाहेर पडलेल्या उंदरांची फारशी झाली नाही. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत, क्वचित महिनाभरानेही, ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे आढळल्यास डॉक्टरांना 'पाण्यात गेलो होतो' हे आपण होऊन सांगावे. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी रोग आटोक्यात येतो. उशीर झाल्यास कावीळ आणि मूत्रपिंडे निकामी होणे हे धोके संभवतात.

उंदीर चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. घरातील उंदराच्या चाव्याने रेबीज होण्याची शक्यता अत्यल्प असल्याने त्या लसीची सहसा आवश्यकता नसते; तथापि हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. जखम भरून आल्यावर काही दिवसांनी ताप, पुरळ किंवा सांधेदुखी उद्भवल्यास तो मूषकदंश ज्वर असू शकतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषिककल्प नावाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात मूषकांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. आपल्या पूर्वसूरींनी हा विषय क्षुद्र मानला नव्हता, हे येथे नमूद करावेसे वाटते.

विषाने उंदीर का संपत नाहीत?

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात उंदरांचा पद्धतशीर अभ्यास झाला. डेव्हिड डेव्हिस या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की विष घालून एखाद्या वस्तीतील उंदीर कमी केले तरी काही महिन्यांत त्यांची संख्या पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. जेथे कचरा झाकला गेला आणि लपण्याच्या जागा नाहीशा झाल्या, तेथे मात्र ती घटली आणि घटलेलीच राहिली. कारण सरळ आहे. वस्तीत जेवढे अन्न आणि जेवढा आसरा, तेवढेच उंदीर तेथे राहतात. काही मेले तर उरलेल्यांना अधिक खावयास मिळते, अधिक पिल्ले जगतात आणि शेजारच्या गल्लीतून नवे बिऱ्हाड येते.

पिंजऱ्यात सापडलेला उंदीर स्कूटरवरून नेऊन पुढच्या पोळात सोडणारे सद्गृहस्थ आपण पाहिले आहेत. त्या पोळातले सद्गृहस्थ त्यांचा उंदीर आपल्याकडे सोडतात. या देवाणघेवाणीत उंदरांचा प्रवास तेवढा घडतो.

घरातील विषांची ओळख

आपल्या बाजारात उंदरांसाठी मुख्यतः चार प्रकारची विषे आढळतात. डॉक्टर आणि पालक दोघांनीही ती वेगवेगळी ओळखावीत.

१. रक्त गोठू न देणारी वडी. ब्रोमॅडिओलोन हे त्यातील प्रचलित नाव. निळ्या, हिरव्या किंवा लाल रंगाची ही वडी मुलाला चॉकलेटसारखी वाटते. हिचे पूर्वज असलेले वॉरफरिन १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आले आणि पुढे हृदयरोग्यांचे औषध झाले. मुलाने एकदाच चुकून किंचित खाल्ल्यास बहुधा अपाय होत नाही. पण परिणाम उशिरा दिसत असल्याने ४८ ते ७२ तासांनी आय.एन.आर. तपासावा. तो वाढला असेल तर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे आणि तो काही आठवडे द्यावा लागू शकतो. तपासणीपूर्वी के-१ देऊन ठेवल्यास निदान झाकले जाते.

२. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. ट्यूबमध्ये मिळते, लसणासारखा वास येतो. सामान्यतः फॉस्फरसचे प्रमाण ३ टक्के, म्हणजे एका ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम. प्राणघातक मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनास सुमारे १ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पहिल्या दिवशी उलट्या आणि पोटदुखी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फसवी शांतता आणि त्यानंतर यकृत निकामी होणे, असा तिचा क्रम असतो. हिच्यावर उतारा नाही. स्निग्ध पदार्थांत फॉस्फरस विरघळतो आणि अधिक शोषला जातो. म्हणून दूध, तूप, तेल देऊ नये. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

३. झिंक फॉस्फाईड. काळसर करडी पूड. पोटातील आम्लाशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे हे परिणाम काही तासांत दिसू शकतात.

४. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. धान्याच्या कोठारासाठी असलेल्या या गोळ्यांची विक्री सामान्य ग्राहकास करण्यास मनाई आहे. तरीही वर्षाचे गहू भरताना त्या कोठीत टाकणारी घरे मी पाहिली आहेत. हवेतील ओलाव्यानेही त्यांतून फॉस्फीन सुटतो. राहत्या घरात, विशेषतः झोपण्याच्या खोलीजवळ, ही गोळी कदापि नसावी. गव्हाला एरंडेल चोळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरण्याची आपल्याकडची जुनी पद्धत यापेक्षा कितीतरी निर्धोक आहे.

घरात आणि गल्लीत काय करावे?

घरापासून प्रारंभ करू. पेन्सिल शिरेल एवढ्या भोकातून घरउंदीर येतो आणि अंगठा शिरेल एवढ्या भोकातून उंदीर. एखाद्या रविवारी टॉर्च घेऊन मोरीची जाळी, सिंकखालचा नळ, वातानुकूलन यंत्राच्या नळीचे भोक आणि दाराखालची फट तपासावी. भोकात भांडी घासण्याची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावावे. नुसते कापड किंवा थर्मोकोल उंदीर एका रात्रीत कुरतडतो. दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी. उष्टी भांडी रात्री ओट्यावर ठेवू नयेत. मोठ्या उंदराला रोज पाणी लागते. म्हणून ठिबकणारा नळ दुरुस्त करणे हाही उंदरावरील उपायच होय.

पिंजरा लावावयाचा असल्यास तो भिंतीला लागून ठेवावा आणि पहिले तीन-चार दिवस कळ न लावता त्यात भजे किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवावा. संशय गेल्यावर कळ लावावी. मेलेला उंदीर उघड्या हातांनी उचलू नये. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून पुसून घ्याव्यात. विष न घालता एकाच भागात बरेच उंदीर मरून पडलेले दिसल्यास त्यांना हात न लावता महापालिकेच्या आरोग्य खात्यास त्वरित कळवावे. प्लेगची पूर्वसूचना अशीच मिळत आली आहे.

घरापेक्षा गल्लीचे काम अवघड, कारण ते एकट्याने होत नाही. कबुतरांना रात्री उशिरापर्यंत पडून राहील इतकी ज्वारी घालणे, गायी-कुत्र्यांसाठी भाकरी-पोळीचा ढीग कोपऱ्यावर ठेवणे यांमागे भूतदयाच आहे. पण सूर्यास्तानंतर उरलेले ते अन्न उंदरांच्या वाट्याला जाते. दाणे सकाळी घालावेत, खातील तेवढेच घालावेत आणि संध्याकाळी जागा झाडावी. कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी घंटागाडीतच टाकावा. जिन्याखालचे मोडके फर्निचर, गच्चीवरील जुनी दारे-खिडक्या आणि वर्षानुवर्षे उभी असलेली बंद मोटार हे उंदरांचे वाडे आहेत. पोळातील दहा घरांनी मिळून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, एकाच दिवशी ही सफाई केली तर विषावर खर्च करण्याची वेळ फारशी येणार नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांपुढे होता. आपल्या सभेत तो पडण्याचे कारण नाही.

इतके करूनही विष वापरणे भागच पडले, तर पेस्ट, पूड आणि गोळी टाळून केवळ वडी वापरावी. तीही कुलूपबंद खोक्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. पोळी, टोमॅटो, भजे अशा मुलांच्या ओळखीच्या खाद्याला विष कधीही लावू नये.

मुलाने विष खाल्ल्यास

१. तोंडातील उरलेले बोटाने काढून टाकावे आणि तोंड पाण्याने धुवावे.
२. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल, अंडे काहीही देऊ नये.
३. वेष्टन, ट्यूब किंवा उरलेला तुकडा पिशवीत घालून सोबत घ्यावा. निदानाच्या दृष्टीने तो रक्ताच्या तपासणीइतका मोलाचा असतो.
४. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गरज भासल्यास १०८ वर संपर्क साधावा.
५. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले म्हणून घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना दोन शब्द. 'उंदराचे औषध' हे उत्तर ऐकून थांबू नये; वेष्टन प्रत्यक्ष पाहावे. ते मिळत नसेल तर फॉस्फरस आहे असे समजून मुलाला दाखल करावे आणि यकृताच्या तपासण्या व आय.एन.आर. किमान तीन ते पाच दिवस वरचेवर कराव्यात. फॉस्फरसची शक्यता असल्यास एन-ॲसिटिलसिस्टीन लवकर सुरू करण्याचा विचार करावा. प्लाझ्मा बदलण्याची आणि यकृतरोपणाची सोय असलेल्या केंद्राशी आय.एन.आर. चढू लागण्याआधीच बोलणे करून ठेवावे. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असावा.

गणपतीच्या दिवसांत आपण त्याच्या पायाशी बसलेल्या मूषकालाही मोदक ठेवतो. बालवाडीतली मुले उंदीरमामाची गाणी म्हणतात आणि येथील गुजराती शाळांत सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट ऐकतात. मुलांच्या मनात उंदीर हा मित्र आहे, तो राहो. आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्याला खावयास काही राहू नये आणि त्याच्यासाठी मांडलेले मुलाच्या हाती लागू नये.

वाचकांना एक विनंती करून थांबते. हा अंक मिटण्यापूर्वी उठून आपल्या ओट्याखाली आणि फ्रिजच्या मागे एकदा पाहावे. तेथे जे सापडेल, त्याला आजपासून औषध म्हणू नये. विष म्हणावे. घरातल्या मुलालाही तोच शब्द शिकवावा.